सायकलचे विद्युत रूपांतर : न सुटणारे बॉटम ब्रॅकेट कसे काढावे?

सागरवेळ (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे पोलादी फ्रेमची, मागे सात गिअर असलेली एक जुनी हायब्रिड सायकल आहे आणि तिला क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) जागी बसणारी, म्हणजे मिड-ड्राइव्ह प्रकारची, २५० वॅटची मोटर घरीच बसवण्याचे मी ठरवले आहे. चाकातली हब मोटर स्वस्त पडते आणि बसवायलाही सोपी असते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्याकडे बंदरावरून वर यायचे म्हणजे दमछाक करणारा चढ आहे. अशा चढावर हब मोटर मंदावली की तिला पुरवलेल्या विजेचा बराच भाग नुसता तापण्यात जातो, आणि मिड-ड्राइव्ह मोटर मात्र सायकलचेच गिअर वापरत असल्यामुळे हलक्या गिअरवर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहते. त्यामुळे मोटर कोणती घ्यावी हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघालेला आहे.

अडचण निराळी आहे. ही मोटर बसवण्यासाठी शेलमधले (फ्रेमच्या तळाशी असलेल्या आडव्या नळीमधले) जुने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकचा आस आणि त्याचे बेरिंग यांची जुळणी (थोडक्यात बीबी), पूर्ण काढावे लागते. दोन्ही क्रँक पुलर लावून व्यवस्थित निघाले. आतले बीबी चौकोनी टोकाच्या आसाचे, बंद कार्ट्रिज प्रकारचे (आस आणि बेरिंग एकाच नळीत बंद असलेले) आहे. डाव्या बाजूचा कप (बीबीला शेलमध्ये धरून ठेवणारे आट्यांचे कडे) थोड्या जोराने सुटून हातात आला. उजवा, म्हणजे चेनच्या बाजूचा कप मात्र जागचा हलत नाही. कपाच्या आतल्या खाचांत बसणारे वीस दातांचे स्प्लाइन टूल वापरतो आहे, पण जोर वाढवला की ते खाचांमधून उसळून बाहेर येते आणि खाचांच्या कडा आता चकाकू लागल्या आहेत. त्या आणखी झिजल्या तर टूल धरायला जागाच उरणार नाही, म्हणून हात आवरता घेऊन इथे विचारतो आहे. समुद्रकाठची हवा आणि अनेक पावसाळे या सायकलने पाहिले आहेत, तेव्हा आत गंज असणार हे गृहीत धरूनच कृपया सांगावे.

चक्रधर (सातारा)

सागरवेळ, हात आवरता घेतलात हे फार बरे झाले, कारण असे बहुतेक कप गंजाने जायबंदी होत नाहीत, ते काढणाऱ्याच्या घाईने होतात. पुढे काही करण्यापूर्वी शेलची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून कळवावी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गिअरच्या सायकलींमध्ये आट्यांचे शेल असेल, तर ते जवळजवळ नेहमी इंग्लिश मापाचे, म्हणजे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ आटे असलेले असते, आणि त्याची रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते. ७० मिलिमीटर भरली तर ती इटालियन पद्धतीची फ्रेम असण्याचा संभव आहे आणि मग सुटण्याची दिशाच बदलते.

इंग्लिश मापात उजव्या कपाला उलटे आटे असतात. म्हणजे उजव्या बाजूला उभे राहून कपाकडे पाहिले असता तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो आणि विरुद्ध दिशेने आवळला जातो. डावा कप नेहमीसारखा, काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी की पाना उभा, मूठ वर राहील असा लावावा आणि मूठ पुढच्या चाकाकडे ओढावी. या रीतीने दोन्ही बाजूंचे कप सुटतात. पायडलचे नेमके उलट असते : तिथे मूठ मागच्या चाकाकडे ओढली की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात.

तिरपी वाट (पुणे)

चक्रधर यांनी सांगितलेली खूण बरोबर आहे, पण ती सायकल चाकांवर उभी असतानाच लागू पडते, ही पुस्ती जोडणे मला आवश्यक वाटते. घरी काम करणाऱ्यांपैकी बहुतेक जण सायकल हँडल आणि सीटवर उलटी ठेवतात. तशी ठेवली की उजव्या बाजूकडे पाहताना पुढचे चाक आपल्या उजवीकडून डावीकडे जाते आणि ‘मूठ पुढच्या चाकाकडे’ हा नियम कप नेमका आवळून ठेवतो. घड्याळाच्या काट्यांची दिशा मात्र सायकल कशीही ठेवली तरी बदलत नाही, अट एवढीच की ज्या बाजूचा कप सोडवायचा त्या बाजूलाच उभे राहून पाहावे. म्हणून मी तरी चाकाच्या खुणेवर विसंबत नाही. उजव्या कपाशेजारी फ्रेमवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर बाण काढून ठेवतो.

उजवीकडे उलटे आटे का, हे कुणी विचारण्याआधीच सांगतो. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना सुलटेच आटे असतात आणि तिथे उजवा कप वापरता वापरता आपोआप ढिला होण्याची तक्रार सर्वश्रुत आहे. फिरत्या भाराखाली कप शेलमधल्या केसभर फटीत सूक्ष्म गतीने सरकत राहतो, आणि उजव्या बाजूला ही सरक सुलट आटे उघडणारी असते. उलटे आटे तीच सरक आवळण्याकडे वळवतात. याचा दुसरा अर्थ असा की वर्षानुवर्षे चालवलेल्या सायकलीचा उजवा कप बसवताना आवळला होता त्याहून घट्ट झालेला असू शकतो. सागरवेळ यांचा डावा निघाला आणि उजवा निघत नाही, यात त्यामुळे नवल नाही.

जुना टर्नर (कोल्हापूर)

मंडळी, दिशेची चर्चा झाली ते उत्तम झाले. पण धागाकर्त्यांचे वर्णन वाचून माझे मत असे झाले आहे की त्यांना जोर कमी पडत नाही, त्यांचे हत्यार जागेवर राहत नाही. स्प्लाइनच्या खाचा उथळ असतात. पान्याला लांब दांडा लावला की ओढताना टूल थोडे तिरके होते, चार-सहा दातांवर सगळा भार येतो आणि ते उसळते. म्हणून आधी टूल कपाशी बांधून टाकावे आणि मग जोराचा विचार करावा.

बांधण्याची सोय आसातच आहे. चौकोनी आसाच्या टोकाला क्रँकचा बोल्ट जातो ते भोक आहेच. टूल आरपार पोकळ असेल, तर ते खाचांमध्ये पूर्ण बसवून बाहेरून एक जाड, रुंद वायसर ठेवावा आणि क्रँकचाच मूळ बोल्ट त्यातून आसात आवळावा. आसाचे टोक टूलच्या तोंडाबाहेर येत असेल, तर मध्ये आसावरून सरकणारा एखादा मोठा नट किंवा पाइपचा तुकडा घालावा, म्हणजे वायसरचा दाब आसावर न येता टूलवर येईल. इथे एक सावधगिरी बाळगावी. हा बोल्ट ८ मिलिमीटरचा असला तरी बहुधा त्याचे आटे बारीक, १ मिलिमीटर अंतराचे असतात. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या ८ मिलिमीटरच्या बोल्टला १.२५ मिलिमीटरचे आटे असतात. तो एक-दोन फेरे आत जातो, मग अडतो आणि नेटाने फिरवला तर आसाचे आटे खातो. लांब बोल्ट हवाच असेल तर जुना बोल्ट दुकानात नेऊन आटे जुळवून आणावा.

उजव्या बाजूला या बांधणीचा एक फायदा आहे. कार्ट्रिजचे अंग आणि उजवा कप हे एकजीव असतात, त्यामुळे कप सुटून बाहेर येऊ लागला की आसही त्याच्याबरोबर बाहेर येतो आणि बोल्ट ताणला जात नाही. डावीकडे तसे नसते. तिथे आस उजव्या कपाने धरलेला असतो आणि डावा कप एकटाच बाहेर येतो, म्हणून तिथे पाव फेरा फिरला की बोल्ट ढिला करावा लागतो. तुमचा डावा निघालेला आहे, पण पुढे वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवले.

सोनचाफा (नाशिक)

काकांच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. टूल बांधण्याआधी तेल आणि उष्णता यांचे काम करून घ्यावे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते.

डावी बाजू मोकळी आहे याचा उपयोग करून घ्यावा. सायकल उजव्या कुशीवर आडवी करावी, शेलच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोक असेल तर ते चिकटपट्टीने बंद करावे आणि डाव्या तोंडातून, कार्ट्रिजच्या अंगाभोवतीच्या फटीत, गंज सोडवणारे तेल ओतावे. अशाने तेल उजव्या आट्यांच्या आतल्या टोकाशी जाऊन थांबते. बाहेरून फवारलेले तेल कपाच्या कडेवरून नुसते ओघळून जाते, आणि सागरवेळ यांनी आतापर्यंत बाहेरूनच फवारले असावे असा माझा अंदाज आहे. रात्रभर तसेच राहू द्यावे. मध्येमध्ये शेलवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचे हलके ठोके द्यावेत. गंजाला बारीक तडे गेले तर तेलाला वाट मिळते. रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून हेच काम करण्याची जुनी पद्धत आजही चालते. मात्र रॉकेल वापरले असेल तर ते पुसून वाळेपर्यंत उष्णतेचा विचारही करू नये.

उष्णतेच्या बाबतीत फ्रेम कशाची आणि कप कशाचा हे पाहणे महत्त्वाचे आहे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. फ्रेम अॅल्युमिनियमची आणि कप पोलादी असेल, तर शेल तापवले की ते कपापेक्षा जास्त फुलते आणि पकड सैल होते. फ्रेम पोलादी आणि कप अॅल्युमिनियमचा असेल, तर तापवल्याने कपच अधिक फुलतो आणि आणखी घट्ट बसतो; तिथे तापवून, पूर्ण गार होऊ देऊन, मग प्रयत्न करावा. दोन्ही पोलादी असतील तर प्रसरणाचा फरक पडत नाही, पण तापण्या-निवण्यात गंजाची पकड मोडते. सागरवेळ यांच्या कपाला लोहचुंबक चिकटतो का, ते आधी पाहावे. ज्योत वापरण्याची गरज नाही. किटलीभर उकळते पाणी शेलवर धार धरून ओतले तरी रंग न बिघडता बरेचसे काम होते. ज्योतीने रंग जळतो, आणि शेलमध्ये तेल ओतून ठेवलेले असताना ज्योत जवळ नेणे धोक्याचे आहे.

डोंबिवली फास्ट लोकल

विषयांतर वाटले तर क्षमा असावी, पण इतका खटाटोप वाचून मनात आले की हब मोटर घेतली असती तर बीबीला हातही लावावा लागला नसता. मी स्वतः तोच विचार करतो आहे, म्हणून विचारतो.

चक्रधर (सातारा)

डोंबिवलीकर, विषयांतर मुळीच नाही, कारण ‘हातही लावावा लागला नसता’ हे पूर्णपणे खरे नाही. हब मोटरच्या संचात पायडल फिरते आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर असतो. चुंबकांची एक चकती आसावर बसते आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. काही संचांमध्ये हा सेन्सर एका धातूच्या कड्यावर असतो आणि ते कडे बीबीच्या कपाच्या कडेखाली दाबून बसवायचे असते. म्हणजे तो कप काढणे आलेच. दोन भागांत उघडणारी चकती आणि फ्रेमला चिकटणारा सेन्सर असलेला संच घेतला, तर मात्र बीबी जागेवर राहते, आणि जागा पुरेशी असेल तर क्रँकही काढावा लागत नाही. संच मागवताना सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे विचारून घ्यावे. विक्रेते वॅट आणि बॅटरी यांचीच माहिती ठळकपणे देतात.

मोटरच्या शक्तीविषयीही बोलून ठेवतो. आपल्याकडच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, मोटरची तीस मिनिटांची (म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल आणि पायडल थांबताच किंवा ताशी २५ किलोमीटरचा वेग गाठताच तिची मदत बंद होत असेल, तर पायडलला साहाय्य करणारी अशी सायकल मोटार वाहन धरली जात नाही. ७५० किंवा १००० वॅटची मिड-ड्राइव्ह मोटरही याच ६८ ते ७३ मिलिमीटरच्या शेलमध्ये बसते, म्हणून अनेकांना तिचा मोह होतो. पण ती बसवली की कायद्याच्या दृष्टीने सायकल सायकल राहत नाही, आणि साध्या सायकलीची चेन व ब्रेक त्या ताणासाठी घडवलेले नसतात ते वेगळेच. सागरवेळ यांनी लहान मोटर निवडली हे मला योग्य वाटते.

माळरान (सोलापूर)

धागा उपयुक्त आहे. माझ्याकडे वडिलांची काळी, दांडीच्या ब्रेकची, कॉटर पिनची (क्रँक आसावर पाचरीसारख्या पिनेने बसवलेली) सायकल आहे. तिच्यात बंद कार्ट्रिज नाही. सुटे छर्रे आणि दोन कप आहेत. उजव्या कपाला खाचा नाहीत, फक्त दोन चपट्या कडा आहेत आणि पाना त्यांवरून घसरतो. तिच्यात अशी मोटर बसवता येईल का?

जुना टर्नर (कोल्हापूर)

माळरान, आधी कप काढण्याचे सांगतो, मग बसवण्याचे.

कॉटर काढताना नट पूर्ण काढू नये. पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच ढिला ठेवावा, म्हणजे हातोडीच्या घावाने आटे पसरत नाहीत. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याला मोकळी जागा राहील असा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून उभा करावा आणि एक सरळ, वजनदार घाव घालावा. आधार न देता ठोकले तर सगळा मार छर्ऱ्यांवर जातो आणि पिन वाकून बसते. किरकोळ वीस घावांपेक्षा नीट आधार देऊन घातलेला एक घाव केव्हाही चांगला.

चपट्या कडांच्या उजव्या कपासाठी महागड्या हत्याराची गरज नाही. आस आणि छर्रे काढून घेतल्यावर कपाच्या मधल्या भोकातून जाईल असा जाडात जाड बोल्ट घ्यावा. त्याचे डोके आणि एक जाड वायसर आतल्या बाजूला ठेवावे, बाहेर दुसरा वायसर आणि नट लावावा. डावीकडून सॉकेट घालून डोके धरावे आणि नट आवळावा, म्हणजे कप दोन वायसरांमध्ये चेपला जातो. आता सॉकेट काढून घ्यावे आणि बाहेरचा नट तसाच काट्यांच्या दिशेने फिरवत राहावे. या जुळणीची गंमत अशी की नट काट्यांच्या दिशेने आवळला जातो आणि उजवा कप त्याच दिशेने सुटतो. म्हणजे जितका जोर लावावा तितकी पकड घट्ट होत जाते आणि अखेरीस कपालाच फिरावे लागते. कपाच्या उलट्या आट्यांचा असा उपयोग करून घेता येतो, हे शिकाऊ मुलांना दाखवताना मला आजही आनंद होतो.

मोटर बसवण्याबाबत मात्र मी सबुरीचा सल्ला देईन. शेलची रुंदी ६८ ते ७३ मिलिमीटरच्या आत आहे का आणि आतला व्यास ३३.५ मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक आहे का, हे मोजल्याशिवाय संच मागवू नये. जुन्या घाटाच्या काळ्या सायकलींत ही मापे वेगळी निघू शकतात. आणि मापे जुळली तरी दांडीचे ब्रेक पावसात रिमवर किती धरतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मोटरची सायकल थांबवायला ते पुरेसे नाहीत असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांची सायकल आहे तशीच सांभाळावी आणि मोटरसाठी दुसरी पाहावी.

सागरवेळ (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेलची रुंदी ६८ मिलिमीटर भरली, म्हणजे माप इंग्लिशच आहे. कपाला लोहचुंबक चिकटतो, म्हणजे फ्रेम आणि कप दोन्ही पोलादी आहेत. सोनचाफाताईंनी सांगितल्याप्रमाणे सायकल आडवी करून आतून तेल ओतले आहे आणि उकळत्या पाण्याचा प्रयोगही केला. टूल बोल्टने बांधल्यावर ते उसळणे पूर्णपणे थांबले, हा मोठाच फरक आहे. मात्र आता पान्याला पाइप लावून जोर दिला की कप हलण्याऐवजी सगळी सायकलच फिरते. घरात मला मदतीला कुणी नाही. अशा वेळी फ्रेम कशी धरावी?

तिरपी वाट (पुणे)

सागरवेळ, इथे उलटा विचार करावा. फ्रेम धरून पाना फिरवण्याऐवजी पाना धरून फ्रेम फिरवावी. जवळच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या किंवा गाड्यांच्या गॅरेजमध्ये भक्कम टेबलाला बोल्ट केलेली वाइस असेलच. दोन्ही चाके काढावीत. टूल कपाला बांधलेलेच राहू द्यावे आणि त्याचा षट्कोनी भाग वाइसच्या जबड्यात धरावा, म्हणजे फ्रेम उजवी बाजू खाली करून वाइसवर आडवी राहील. आता एका हाताने हँडलचा गळा आणि दुसऱ्या हाताने मागची टोके धरून संपूर्ण फ्रेम फिरवावी. फ्रेमची लांबी हाच तुमचा दांडा होतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा असल्यामुळे टूल तिरके होत नाही.

दिशेचा विचार मात्र नव्याने करावा लागतो. तुम्ही आता डाव्या बाजूने, वरून पाहत आहात आणि कप स्थिर असून फ्रेम फिरते आहे. दोन गोष्टी उलटल्यामुळे उत्तर पुन्हा तेच येते : वरून पाहताना फ्रेम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावी. खात्री नसेल तर आधी कागदावर काढून पाहावे. जोर झटक्याने न देता सलग वाढवत न्यावा.

जुना टर्नर (कोल्हापूर)

तिरपी वाट यांनी सांगितलेला उपाय मी सुचवणारच होतो. त्यात एकच भर घालतो. याही रीतीने कप हलला नाही तर गरम करणे, आतून तेल देणे आणि वाइस हा क्रम पुन्हा करावा. छिन्नी लावून कपाची कड ठोकण्याचा मोह टाळावा, कारण कड तुटली की टूल बांधण्याची जागाही जाते. फ्रेम लेथवर चढवून कप कापून देतो असे कुणी सांगितले, तर त्याला नमस्कार करून परत यावे.

आटे खराब होण्याची भीती मात्र फार बाळगू नये. तुमची मोटर शेलच्या आट्यांना धरतच नाही. तिची नळी शेलमधून आरपार जाते आणि डावीकडून मोठ्या नटाने चेपून बसते. म्हणजे कप निघताना एखाददुसरा आटा दुखावला तरी रूपांतराचे काम अडत नाही. पुढे कधी मोटर काढून साधे बीबी बसवायचे झाले, तरच आट्यांवरून टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवावा लागेल. आणि अगदीच आटे गेले असतील तर आट्यांशिवाय, दोन्ही बाजूंनी आवळून बसणारे बीबीही मिळते.

सागरवेळ (रत्नागिरी)

कप निघाला. गॅरेजमधल्या वाइसवर फ्रेम फिरवताना एकदा कडकन आवाज झाला तेव्हा काहीतरी तुटले असेच वाटले, पण तो गंजाची पकड सुटल्याचा आवाज होता. त्यानंतर कप हाताच्या पान्यानेही फिरू लागला. शेलमध्ये तांबड्या गंजाचा चिखल होता. सीटच्या नळीतून पाणी उतरत असावे, कारण त्या नळीच्या तोंडाशी गंज सर्वांत जास्त आहे. आटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ केले असून बरेचसे शाबूत दिसतात.

मोटरची नळी सरकवून पाहिली, तर ती अर्ध्यावर अडते. जोराने ठोकून आत घालणे मला पटत नाही. काय पाहावे?

सोनचाफा (नाशिक)

अभिनंदन! ठोकून घालू नये, हे आपले बरोबरच आहे. शेलचा आतला व्यास आणि मोटरच्या नळीचा बाहेरचा व्यास यांत जेमतेम काही दशांश मिलिमीटरांचे अंतर असते, त्यामुळे साध्या बीबीला कधी न अडलेली गोष्ट इथे अडते. सर्वांत आधी शेलच्या खाली गिअरच्या केबल वळवणारे प्लास्टिकचे मार्गदर्शक आहे का ते पाहावे. ते एका स्क्रूने बसवलेले असते आणि त्या स्क्रूचे टोक अनेकदा शेलच्या आत डोकावते. स्क्रू काढून त्याचे टोक कापावे किंवा आखूड स्क्रू लावावा. तसे नसेल तर फ्रेमच्या नळ्या शेलला जिथे जोडल्या आहेत तिथे वेल्डिंगचे थेंब किंवा कापलेल्या नळीची धार आत आलेली असते. ती अर्धगोल कानशीने घासून सपाट करावी. घासण्यापूर्वी शेलच्या आत बोट फिरवू नये, ती धार ब्लेडसारखी असते.

त्याच केबलींकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यावे. मोटरचे पोट शेलच्या अगदी खाली, पुढच्या बाजूला येते आणि तिथून जाणाऱ्या केबली त्याखाली दबल्या तर गिअर नीट पडत नाहीत. केबलीला तेवढ्या भागात आवरण घालून बाजूने वळवून घ्यावे.

सागरवेळ (रत्नागिरी)

स्क्रूच होता. सव्वा-दीड मिलिमीटर आत आला होता. तो कापल्यावर नळी हाताने आरपार गेली. मागच्या आडव्या नळीलाही मोटरचे आवरण घासत नाही, थोडी फट राहते आहे. आता शेलमध्ये ग्रीस लावावे की कोरडेच ठेवावे? आणि नट किती आवळावा?

चक्रधर (सातारा)

शेलच्या आत, आट्यांसकट, ग्रीसचा पातळ थर जरूर लावावा. मोटरला त्याची गरज नाही, पण तुमच्याकडच्या हवेत उघडे आटे एका पावसाळ्यात पुन्हा तांबडे होतील. शेलच्या डाव्या तोंडाची कड मात्र पूर्ण कोरडी आणि रंगाचे पोपडे न उरलेली असावी. मोटरबरोबर येणारी दातेरी पट्टी याच कडेला चावून बसते आणि मोटरला फिरू न देण्याचे काम ती करते. तिथे ग्रीस राहिले तर पट्टी धरत नाही. पट्टीचे दाते शेलच्या बाजूला करून तिचे दोन स्क्रू आधी हाताने लावावेत, मग मोठा नट त्याच्या खाचांत बसणाऱ्या पान्याने घट्ट करावा, आणि मग पट्टीचे स्क्रू आवळावेत. बाहेरचा दुसरा नट पहिल्याला अडवण्यासाठी असतो. तो राहून गेला तर पहिला नट ढिला होणार, यात शंका बाळगू नये.

जोर लागतो तेव्हा मोटर चेनवर जितकी ओढ देते, तितकीच उलट दिशेची ओढ तिच्या स्वतःच्या अंगावर येते आणि तिचे पोट पुढच्या तिरप्या नळीकडे वर उचलले जाते. म्हणून आवळण्याआधीच मोटर वर, नळीच्या जवळ नेऊन ठेवावी आणि दोघांमध्ये जाड रबराचा तुकडा बसवावा. पहिल्या काही चढांनंतर नट हमखास थोडा बसून ढिला होतो. तेव्हा मोठा पाना सायकलसोबत बाळगावा आणि बंदराचा चढ चढून झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्यावा. डावा क्रँक लावण्यापूर्वीच नटांवर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली, तर ते सरकले की नाही हे नुसते पाहूनच कळते.

जुना टर्नर (कोल्हापूर)

सीटच्या नळीतून पाणी उतरते आहे ते थांबवायला विसरू नये. सीटची दांडी बाहेर काढून तिला ग्रीस लावावे आणि फ्रेमच्या ज्या खाचेतून क्लॅम्प आवळला जातो, त्या खाचेवर जुन्या ट्यूबचा एक पट्टा चढवावा. शेलच्या तळाचे भोक तुम्ही तेल ओतताना चिकटपट्टीने बंद केले असेल, तर ती चिकटपट्टी मोटर बसवण्यापूर्वी काढावी. निघालेला कप आणि क्रँकचे बोल्ट जपून ठेवावेत. कार्ट्रिजचे बेरिंग गेले असले तरी आसाची लांबी तिच्यावरूनच मोजता येते, आणि पुन्हा साधे बीबी घ्यायचे झाल्यास दुकानदार तीच पहिल्यांदा विचारतो.